पाच हजारांचे जेवण ख्रिस्ती माणसाला शोभते का?



लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून नवरा-बायकोने सुट्टीत गोव्याला जावे आणि तिथल्या एका मोठ्या हॉटेलात दोघांच्या एका जेवणावर पाच-साडेपाच हजार रुपये घालवावेत, हे ख्रिस्ती माणसाला शोभते का? गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न आमच्या लहान ख्रिस्ती समूहात तीन-चार वेळा निघाला. निघाला तो आमच्यावरूनच, कारण ते जोडपे आम्हीच. कुणी हसत विचारले, कुणी गंभीरपणे. माझे मत असे की, शोभते. का शोभते ते आज जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात गंभीरपणे ज्यांनी विचारले ते गृहस्थ आमच्या पॅरिशच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत वर्षानुवर्षे काम करतात. दर महिन्याला पिशव्या उचलून घरोघरी रेशन पोचवणारा माणूस. पाच हजार म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे तांदूळ, तूरडाळ, तेल येते आणि ते कुणाच्या घरी जाईल तेही येते. अशा माणसाच्या प्रश्नाला हसून टाळता येत नाही. ते बोलत असताना त्यांच्या पत्नी आतून चहा घेऊन आल्या, ट्रे खाली ठेवला आणि हळूच मला म्हणाल्या, "कुठलं हॉटेल म्हणालात ते?" सगळे हसले. मला हसू आले नाही. त्या बाईंना मी वीस वर्षे ओळखते, आणि त्यांना बसून जेवताना मी फक्त चर्चच्या फेस्ताला पाहिले आहे.

माझे म्हणणे इथूनच सुरू होते. आपल्या घरांत जेवायला कोण कधी बसते ते एकदा आठवून पाहा. आधी मुले, कारण त्यांना अभ्यास. मग सासू-सासरे, कारण त्यांच्या गोळ्यांची वेळ. मग नवरा, कारण तो दमून आलेला. भाकरी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात जाते. शेवटची भाकरी थापून होईपर्यंत बाईच्या वाट्याची आमटी निवलेली असते, आणि ती ओट्याशी उभी राहून जेवते किंवा सगळे उठल्यावर एकटी बसते. हे कुणी दुष्टपणाने करत नाही. आमच्या सासूबाई असेच जेवल्या, त्यांच्या सासूबाईही. भोजनापूर्वीची प्रार्थना आपण सगळे मिळून म्हणतो, पण आमेन झाल्यावर एक जण स्वयंपाकघरात परत जाते. पंचवीस वर्षांत आम्ही दोघे एका टेबलाशी समोरासमोर बसून, दोघांचेही अन्न गरम असताना किती वेळा जेवलो याचा मी हिशेब मांडून पाहिला. दुसऱ्यांच्या लग्नाच्या पंगती सोडल्या तर दोन्ही हातांची बोटेसुद्धा लागली नाहीत.

आता गरिबांच्या पैशांचा प्रश्न. तो नवा नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात बेथानीच्या घरी तो निघाला आहे, आणि तोही जेवणाच्या वेळीच. मरियेने जटामांसीचे महागडे तेल येशूच्या चरणांना लावले तेव्हा यहूदाने विचारले की हे तीनशे दीनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई एका संध्याकाळी ओतली गेली. यहूदाला गरिबांची कळकळ नव्हती, तो पैशांच्या थैलीतून चोरी करायचा, असे योहान सांगतो. पण संत मत्तय लिहितो की राग सगळ्या शिष्यांना आला होता. म्हणून हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला आपण यहूदा म्हणू नये. येशूने तिला त्रास देऊ नका असे सांगितले आणि गरीब तुमच्याजवळ नेहमीच असतील असेही म्हटले. हे दुसरे वाक्य पुष्कळ लोक गरिबांकडे पाठ फिरवायला वापरतात. मूळ अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात याच विचाराला लागून आज्ञा आहे की, म्हणून आपला हात गरजू भावासाठी मोकळा ठेव. एक हात तेल ओततो म्हणून दुसरा मिटावा असे तिथे कुठेच नाही.

त्याच बेथानीच्या जेवणात एक छोटी नोंद आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. मार्था वाढत होती. लाजर पंगतीत बसलेला, मरिया चरणांशी, आणि मार्था त्याही दिवशी वाढतच होती.

आणि काना गावचे लग्न? सहा दगडी रांजण, योहानाने दिलेल्या मापाने हिशेब केला तर सगळे मिळून पाचशे लिटरच्या आसपास, कदाचित त्याहून जास्त. खेड्यातल्या लग्नाला एवढा द्राक्षारस, आणि तोही उत्तम प्रतीचा. येशूला काटकसर ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? भाकरीचे उरलेले तुकडे टोपल्यांत भरून घ्यायला त्यानेच लावले. पण आनंदाच्या दिवशी त्याने मोजूनमापून दिले नाही.

पोप फ्रान्सिस यांचे कुटुंबातील प्रेमावरचे 'आमोरिस लेतित्सिया' २०१६ साली आले. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते प्रभूच्या घरी गेले तेव्हा मी ते पुन्हा काढून वाचले. त्यात १२९ व्या परिच्छेदात त्यांनी एका सिनेमाचे उदाहरण दिले आहे. पोपच्या लिखाणात सिनेमा, आणि तोही जेवणावरचा! 'बाबेट्स फीस्ट' हा १९८७ चा डॅनिश सिनेमा, कॅरेन ब्लिक्सन यांच्या कथेवरचा. समुद्राकाठच्या गावात अत्यंत साधेपणाने राहणारी भाविक मंडळी. त्यांच्याकडे पॅरिसहून आश्रयाला आलेली स्वयंपाकीण बाबेट. तिला लॉटरीत दहा हजार फ्रँक मिळतात आणि ती ते सगळे एका मेजवानीत खर्च करते, बारा माणसांसाठी. चव घेणे म्हणजे पाप, तेव्हा जेवणाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, असे मंडळी आधीच ठरवून बसतात. पण जेवता जेवता वर्षानुवर्षांची जुनी भांडणे विरघळतात. दुसऱ्याला आनंद देण्यात जो आनंद असतो त्याच्यासाठी पोपनी हे उदाहरण घेतले आहे, आणि घेतले आहे ते नवरा-बायकोच्या प्रेमाच्या प्रकरणात.

आमचे लग्न २००० च्या मे महिन्यातले, ज्युबिली वर्षातले. २०२५ हेही ज्युबिली वर्ष होते. म्हणून ठरवले. पैसे मी शिवणकामातून साठवले होते, दर महिन्याला दोनशे, एका डब्यात, सव्वादोन वर्षे. बेळगावहून कदंबच्या बसने चोर्ला घाट उतरून पणजी. राहायला ह्यांच्या मावसबहिणीकडे ताळगावात, त्यामुळे खोलीचा खर्च नाही. फक्त एक संध्याकाळ मांडवीच्या काठच्या त्या हॉटेलात. समोर नदीत कॅसिनोच्या बोटी झगमगत होत्या. तिथे एका रात्रीत माणसे किती हरून येतात, आणि पंक्तीला बोल लागतो तो आमच्या इसवणाला. असो.

आमचे हे मेनूकार्ड उजवीकडून वाचतात. आधी किंमत, मग पदार्थ. "आपण साधं डाळ-भात घेऊ," असे म्हणून झाले. मी म्हटले, "अहो, डाळ-भात मी पंचवीस वर्षं केला." मग इसवणाचा रेशाद, चिकन शागुती, पोई, सोलकढी आणि शेवटी बिबिंक असे मागवले. मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते आणि ३१ जुलैपर्यंत असते. तिला अजून पंधरा दिवस होते, म्हणून मासा ताजा मिळाला. (पावसाळ्यात जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, जुलैतला इसवण बहुतेक बर्फातला असतो.) गोव्याच्या बिबिंकला २०२३ मध्ये जीआय मानांकन मिळाले ते योग्यच झाले. नारळाचे दूध, अंड्याचा बलक, साखर, तूप आणि मैदा. एक थर वरून आच देऊन भाजायचा, तो पुरा भाजल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. घाई करणाऱ्याचे ते काम नाही.

प्रार्थनेचे सांगते. हॉटेलात बसल्यावर आपली क्रुसाची खूण कशी होते ते पाहिले आहे का? नाकावरची माशी हाकलावी तशी. ह्यांनी मात्र घरी करतात तशी पुरी केली आणि प्रार्थना ऐकू येईल अशी म्हटली. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा आमच्याकडे बघून चमचा खाली ठेवून थांबले. कोण, कुठले, कोणत्या धर्माचे, ठाऊक नाही.

पहिली वीस मिनिटे आम्ही मुलीची फी, घराचा हप्ता आणि सासूबाईंचा रक्तदाब यांवर बोललो. मग ते विषय संपले आणि आम्ही गप्प झालो. घरी असे गप्प झालो असतो तर मी भांडी घासायला उठले असते. तिथे उठायला काही काम नव्हते. त्या शांततेत ह्यांनी जे सांगितले ते त्यांना विचारूनच इथे लिहिते आहे. २०१९ मध्ये, वाहन उद्योगात मंदी होती तेव्हा, उद्यमबागेतल्या त्यांच्या फौंड्रीत काम थांबले होते. तीन आठवडे घरी बसा म्हणून सांगितलेले. ते घरी बसलेच नाहीत. रोज सकाळी साडेसातला मी दिलेला डबा घेऊन निघायचे आणि किल्ल्याच्या तलावाकाठी जाऊन बसायचे. डबा बरोबर साडेबाराला उघडायचे, कारण फौंड्रीत साडेबाराला सुट्टी. पगाराच्या तारखेला एका मित्राकडून उसने घेऊन माझ्या हातात पैसे ठेवले आणि पुढे चार महिने ओव्हरटाइम करून फेडले. "सांगून काय करणार होतो गं? आई ऐकली असती, पोरं ऐकली असती."

मी काही बोलले नाही. पोई मोडून अर्धी त्यांच्या ताटलीत ठेवली.

सहा वर्षे हे ओझे माझ्याच घरात, माझ्याच अंथरुणाशेजारी होते. आमचे घर दोन खोल्यांचे. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्या घरात ते कान सासूबाईंचे आहेत, आणि त्यांचाही त्यात दोष नाही, म्हाताऱ्या माणसाने जायचे कुठे? मुले मोठी झाली, ती रात्री बारापर्यंत जागी. नवऱ्या-बायकोला खासगी बोलायची जागा आपल्यासारख्यांच्या घरांत नसते. मग बोलणे राहून जाते आणि राहून गेलेले बोलणे कुठल्या रूपात बाहेर येते ते आमच्या पॅरिशच्या कुटुंब-सेवेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आमच्याकडे जी जोडपी येतात त्यांची भांडणे बहुधा मिठावरून, मोबाइलवरून, माहेरच्या फोनवरून सुरू झालेली असतात. खरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर येते, आणि ती बरीच जुनी निघते.

काही जण म्हणाले, एवढ्यासाठी हॉटेल कशाला, तलावाकाठी फुकट बसता येते. बसता येते. ज्यांना जमते त्यांनी जरूर बसावे. पण बेळगावात तलावाकाठी बसल्यावर अर्ध्या तासात चार ओळखीचे भेटतात आणि सात वाजले की बाईच्या डोक्यात कुकरची शिट्टी सुरू होते. आम्ही मासा विकत घेतला नाही. चूल दुसऱ्या कुणीतरी पेटवलेली आहे अशी दोन तासांची निश्चिंती विकत घेतली. ती स्वस्तात मिळत असेल तर स्वस्तातली घ्यावी. दीडशे रुपयांच्या फिश थाळीवरही हे होऊ शकते, फक्त तिथे मागे रांग उभी असते आणि ताट संपले की उठावे लागते.

या जेवणातली मला टोचलेली गोष्ट वेगळी आहे. आम्हाला वाढणारा मुलगा आमचे मराठी ऐकून जवळ आला. "मावशी, बेळगावच्या काय तुम्ही?" तो खानापूर तालुक्यातला निघाला. तीन वर्षे पणजीत. मी विचारले, तू कधी जेवतोस? म्हणाला, "साडेअकराला. सगळे उठले की." म्हणजे मी ज्या संध्याकाळी पहिल्यांदा गरम जेवले त्या संध्याकाळी माझ्या जागी दुसरा कुणीतरी उभा होता. मार्था कुठे गेलीच नव्हती. याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. पण उत्तर नाही म्हणून त्याच्याकडे बघायचेच नाही, हे बरोबर नव्हे. संत याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला उभे ठेवणे यावर कडक शब्द आहेत. ते सभास्थानाविषयी आहेत, पण हॉटेलातही लागू पडतात. त्याचे नाव विचारावे, 'ए' म्हणून हाक मारू नये, चूक झाली तर चार लोकांत ओरडू नये.

आणि पैशांचा व्यवहार नीट करावा. बिल आले त्यात पदार्थांचे ४,२०० रुपये, त्यावर दहा टक्के सेवा शुल्क ४२० रुपये आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,४५२. जीएसटी द्यावाच लागतो. खोलीचे भाडे साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला तो १८ टक्के, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. पण सेवा शुल्क ही सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक सूचना काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. ह्यांनी काउंटरवर जाऊन शांतपणे सांगितले. थोडी कुरकुर झाली, मग बिल ४,९५६ चे करून दिले. वाचलेल्या ४९६ रुपयांत चार घालून पाचशेची नोट ह्यांनी त्या मुलाच्या हातात दिली. सेवा शुल्काचे पैसे वाढणाऱ्याच्या हातात पडतातच याची खात्री नसते, नोट मात्र पडताना दिसते. पैसे वाचवायला सेवा शुल्क काढायचे आणि टिपही द्यायची नाही, असे करणारी आपलीही माणसे आहेत.

तरुण जोडप्यांना आणखी थोडे सांगते, रागावू नका. असले जेवण कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर करू नये, पुढचे चार महिने त्याच्यावरून भांडायचे असेल तर कशाला जायचे? उपवासकाळात करू नये. आणि ताट आल्याबरोबर त्याचा फोटो काढून स्टेटसला टाकू नये. आमच्या समूहात अशी माणसे आहेत ज्यांच्या घरी महिनाअखेरीस दुधाचे पैसे नसतात, आणि त्यांच्या मोबाइलवर तुमचा लॉब्स्टर कशाला दिसायला हवा?

आता एक मागणी. दर फेब्रुवारीत विवाह दिनाच्या रविवारी पंचवीस आणि पन्नास वर्षे झालेल्या जोडप्यांना आपण मिस्सानंतर व्यासपीठावर बोलावतो आणि भिंतीवरचे घड्याळ किंवा फोटोफ्रेम देतो. आमच्या घरात आता तीन घड्याळे आहेत. त्याऐवजी त्या जोडप्याला एक संध्याकाळ द्यावी. गोव्यालाच जायला हवे असे नाही, बेळगावात बरी रेस्टॉरंट आहेत, आठशे-हजार रुपयांत दोघे शांतपणे जेवतील. घड्याळाच्या खर्चात थोडीच भर पडेल. सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या निधीतून एक रुपयाही घेऊ नये, समूहातल्या दहा घरांनी शंभर-शंभर रुपये काढावेत.

खर्चापेक्षा दुसरीच अडचण मोठी आहे. पुढच्या वर्षी आमच्या पॅरिशमध्ये ज्या जोडप्यांना पंचवीस वर्षे होतात त्यांतल्या दोघांच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे आणि एकीचा मुलगा गतिमंद आहे. ही माणसे हॉटेलात गेली तरी त्यांचे अर्धे लक्ष घराकडेच राहणार. म्हणून त्या संध्याकाळी सहा ते दहा त्यांच्या घरी जाऊन बसायला, औषध द्यायला, भात भरवायला कोण तयार आहे, त्याची यादी आधी करावी लागेल. दोन घरांना मिळून चार माणसे लागतील. माझे आणि ह्यांचे नाव लिहून घ्या. हॉटेल नंतर बघू.